मरगळे मॅडमचा हिंडता प्रोटॉन

मरगळे मॅडम वर्णपट दोरीवर वाळत घालायच्या. प्रयोगशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी, दोरीला प्लॅस्टिकचे चिमटे आणि चिमट्यांना लटकलेले लांबलचक कागद. प्रत्येक कागदावर एक आडवी रेघ आणि तिच्यावर मधूनमधून उठलेली शिखरं. मॅडम हात मागे बांधून या टोकाकडून त्या टोकाकडे चालायच्या आणि एखाद्या शिखरापाशी थांबून मान तिरकी करून बघत राहायच्या. खोलीत एवढे संगणक असताना हे कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बसून बघितलं की डोळं आपल्याला पायजे तेच बघत्यात," त्या म्हणाल्या. "चालत बघितलं की नको ते बी दिसतं."

आमची संस्था पुण्याबाहेर, उरवड्याच्या अलीकडे, टेकडीच्या उतारावर. मी जांबे गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे. नवरा हिंजवडीला जायचा आणि मी घोटवड्याच्या रस्त्याने स्कूटरवर इकडे यायचे. माझं सगळं शिक्षण पुण्यात झालेलं आणि कामही हातांना डाग न पडणारं. रेणूचा आकार कसा असेल, तो कसा थरथरेल, हे मी समीकरणांतून काढायचे. मॅडमना त्यांच्या प्रयोगांसाठी असं गणित करणारं कुणीतरी हवं होतं. मुलाखतीत त्यांनी माझ्या प्रबंधाबद्दल एकच प्रश्न विचारला, "यातलं चुकीचं काय निघालं?" मी दोन गोष्टी सांगितल्या. त्या खूश झाल्या आणि मला घेतलं.

त्या मुठा खोऱ्यातल्या, मुठा गावच्या. घरी शेळ्या-मेंढ्या, आणि भावंडांत शाळेत टिकलेल्या त्या एकट्या. कागदोपत्री नाव सखुबाई. परदेशी परिषदेत कुणी 'डॉक्टर मार्गेल' म्हणालं तर शांतपणे थांबवून पूर्ण नाव म्हणायला लावायच्या. एरवी त्यांची मराठी आमच्यासारखीच, पुस्तकी म्हणावी इतकी नीट. पण एखादी गोष्ट मनाला भिडली की भाषा थेट मुठा खोऱ्यात उतरायची. त्यांचे विद्यार्थी भाषेवरून अंदाज बांधायचे. मॅडम 'आहे' म्हणत असतील तर प्रयोग रडतखडत चाललाय, आणि 'हाय' म्हणाल्या की बाकीची कामं सोडून धावायचं.

त्यांचं यंत्र खोलीभर पसरलेलं होतं. पोलादी नळ्या, पंप, तारा. आयन म्हणजे विजेचा भार असलेला रेणू. भांड्यातल्या द्रावणात त्याच्याभोवती सतत गर्दी असते, त्यामुळे त्याचा स्वतःचा स्वभाव कळत नाही. मॅडम त्याला त्या गर्दीतून बाहेर काढायच्या. द्रावणाचा बारीक फवारा उडवायचा, सुटे आयन निर्वात नळीत ओढायचे, हवा तेवढ्याच वजनाचा आयन निवडायचा आणि विजेच्या सापळ्यात धरून हाडं गोठतील त्याहून कितीतरी जास्त गार करायचा. इतका गार, की नायट्रोजनचा एक रेणू त्याला अलगद चिकटून बसतो. मग त्याच्यावर लेझरचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा आणि त्या प्रकाशाचा रंग हळूहळू बदलत न्यायचा. एखादा रंग आयनाच्या थरथरण्याशी जुळला की आयन तो गिळतो, अंग झटकतो आणि नायट्रोजन गळून पडतो. वजन घटलं की कागदावर शिखर उठतं. कोणत्या रंगाला शिखर उठलं, यावरून रेणूचा आकार ओळखायचा. माझं गणित सांगायचं की अमुक आकार असेल तर शिखरं अमुक ठिकाणी येतील. त्यांचा कागद आणि माझा कागद दोरीवर वरखाली टांगायचे आणि जुळतात का ते बघायचं.

मी आल्यानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही एक छोटा आयन घेतला. दोन टोकांना दोन नायट्रोजन अणू असलेला, वाकून ही दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणणारा. त्यांच्यापैकी एकावर जास्तीचा प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा नुसता गाभा, बसलेला असणार, हे सगळ्या पुस्तकांत होतं आणि माझ्या गणितातही होतं. वर्णपट आला. उजवीकडची सगळी शिखरं माझ्या आकड्यांवर अशी बसली की मला नाचावंसं वाटलं. पण जिथे प्रोटॉनचं शिखर यायला हवं होतं, तिथे सपाट रेघ. आणि डावीकडे, संथ थरथरीच्या बाजूला, जिथे कुणालाच यायचं कारण नव्हतं, तिथे एक रुंद, बुटका उंचवटा.

"बाष्प शिरलं असेल," मी म्हणाले.

"शिरलं असेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आठवडाभर यंत्र तापवून कोरडं केलं. उंचवटा तिथेच. त्यांनी लेझर बदलून पाहिला, नवा नमुना मागवला, उरवड्यातल्या एका कारखान्यातून सापळ्याचं तांब्याचं नवं झाकण करून घेतलं. उंचवटा तिथेच. एक दिवस त्या दोरीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "हितं कुणीतरी हाय."

आम्ही शोधनिबंध एका विज्ञान नियतकालिकाला पाठवला. परीक्षकाचा शेरा आला, की उजवी बाजू उत्तम आहे, डावीकडचा उंचवटा भेसळीचा दिसतो, तो काढून टाकल्यास निबंध स्वीकारता येईल. आमच्या विभागप्रमुखांनाही ते पटलं. ते मनाने चांगले गृहस्थ होते. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यानंतर हे यंत्र उतरवून ती खोली दुसऱ्या विभागाला द्यायचं ठरलं होतं. जाताना एक चांगला निबंध पदरात पडावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"आलेख उजवीकडूनच छापा ना मॅडम," ते म्हणाले. "खोटं काहीच होत नाही त्यात."

"सर, एवढी वर्षं मी याच्याचसाठी थांबलेय," मॅडम म्हणाल्या. "आता आलाय दारात, तर दार लावून घेऊ?"

निबंध त्यांनी परत घेतला. माझी नोकरी कंत्राटी होती आणि पुढचं कंत्राट त्या निबंधावर अवलंबून होतं, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं. "तुला हे मान्य नसेल तर आत्ता सांग. उजवीकडचा भाग तुझ्या एकटीच्या नावाने जाऊ दे. मी अडवणार नाही." मी विचार करायला एक दिवस मागितला आणि घोटवड्यापर्यंत पोचेतो माझा विचार झाला होता. मलाही त्या उंचवट्याने झपाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर गणित मांडून बसले. मी प्रोटॉनला एका नायट्रोजनवर बसवलं होतं आणि तो जागच्या जागी किती थरथरतो तेवढं मोजलं होतं. मॅडम बराच वेळ आकृतीकडे बघत राहिल्या.

"तुझा प्रोटॉन बसल्याला हाय," त्या म्हणाल्या. "माझा हिंडतुया."

हे ऐकलं आणि मी आकृती माझ्याकडे ओढली. दोन नायट्रोजन इतके जवळ असतील, तर प्रोटॉनने एकाच घरी का राहावं? मी सगळं नव्याने सुरू केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रोटॉनला पावलापावलाने सरकवत नेलं आणि प्रत्येक ठिकाणी ऊर्जा किती ते काढलं. दोन खोल विहिरी आणि मध्ये उंच बांध असं चित्र निघेल असं वाटलं होतं. निघाली एक पसरट परात. प्रोटॉन तिच्यात इकडून तिकडे मोकळा फिरत होता. त्या फिरण्याचा रंग काढला, तर तो आला डावीकडे, त्या उंचवट्याखाली. मी खुर्चीवरून उठून पळत प्रयोगशाळेत गेले आणि धाप लागल्यामुळे मला काही बोलताच येईना. मॅडमनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालेल्यावर गणित बसवणं सोपं असतं. न झालेलं सांग."

न झालेलं म्हणजे जड हायड्रोजन. साध्या प्रोटॉनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ घातला तर तो सावकाश हिंडणार आणि उंचवटा आणखी डावीकडे सरकणार. किती सरकेल ते मी प्रयोगाआधी काढायचं होतं. मी काढलं आणि सांगायला गेले, तर मॅडमनी हात वर केला.

"मला नको सांगू. सांगितलंस तर मी तितंच हुडकत बसंन."

प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्या मागे बसले होते. तो आकडा खोलीत मला एकटीलाच माहीत होता आणि चेहरा कोरा ठेवायची मला सक्त ताकीद होती. लेझरचा रंग सरकू लागला. जुन्या उंचवट्याची जागा आली आणि गेली, रेघ सपाट. म्हणजे तिथला पाहुणा उठून गेला होता. रेघ पुढे सरकत होती आणि पडद्यावरची माझी जागा जवळ येत होती. मी ओढणीचं टोक दातांत धरलं. रेघ थोडी उचलली, पुन्हा बसली. मग परत उचलली आणि चढतच गेली, रुंद, संथ, एखाद्या टेकडीसारखी, आणि जिथे मी म्हटलं होतं तिथेच तिचा माथा आला.

मॅडम पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या खुर्ची वळवून माझ्याकडे बघत होत्या.

"व्हय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. माझ्या तोंडून तो शब्द आयुष्यात पहिल्यांदाच आला असेल. मॅडमनी माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही दोघी त्या पंपांच्या घरघरीत नुसत्या हसत उभ्या राहिलो. विद्यार्थी दारात येऊन थांबले होते. त्यांतल्या कुणाला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण तेही हसायला लागले.

निबंध दोन्ही बाजूंसकट छापून आला. बाहेरच्या गटांनी तोच आयन तपासला आणि त्यांनाही तो हिंडताच सापडला. विभागप्रमुख स्वतः संचालकांकडे गेले आणि यंत्र उतरवायचा निर्णय मागे घ्यायला लावला. मॅडम निवृत्त होऊन मुठ्याला भावाकडे राहायला गेल्या, यंत्र माझ्या हाती आलं आणि गणितवाली मी पंपांचं तेल बदलायला शिकले. महिन्यातून एकदा फोन यायचा. "नवीन काय न कळण्यासारखं मिळालं?" असं विचारायच्या आणि मी सांगू लागले की प्रश्नांवर प्रश्न.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. साधा ताप, मग न्यूमोनिया, आणि सगळं आटोपलं. मी मुठ्याला गेले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. त्यांचे धाकटे भाऊ कोंडिबा मला ओळखत होते. त्यांनी मला आत नेऊन चहा दिला आणि समोर उकिडवे बसले.

"येक इचारू का, ताई? आक्का तितं नेमकं काय करायची?"

"त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"सांगायची की. पर सांगता सांगता तिलाच लई आनंद व्हायचा. मंग ती उटून फेऱ्या मारायची आन् आमचं ऐकायचं ऱ्हाऊन जायचं."

मग मी सांगितलं. गर्दीतून बाजूला काढलेला एकटा रेणू, तो गारठा, तो प्रकाश. दोन टोकं आणि त्यांच्यामध्ये फिरणारा एक बारीकसा कण, जो एका जागी बसलाय असं सगळं जग समजत होतं. कोंडिबा मन लावून ऐकत होते.

"मंग त्यो हाय कुनाचा? ह्याचा का त्याचा?"

"दोघांचाही. मॅडमनी ते दाखवून दिलं."

त्यांनी उठून दारातून अंगणात हाक मारली.

"ए, समदी आत या. आक्का काय करायची त्ये ह्या ताई सांगत्यात."

माणसं आत आली, भिंतीला टेकून बसली. एका म्हातारीने पुढे सरकून कानामागे हात धरला. माझ्या अंगात तीच जुनी घाई होती. मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.