दादांचा कान

दादा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिच्यावर बोटाचं पेर वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. आवाज आवडला तर म्हणायचे, "बोलतंय." नाही आवडला तर, "मुकं आहे हे, ठेव खाली." बेकरीत पाव उलटा करून त्याच्या बुडावर टकटक करायचे. तुर्की दुकानात तर एकेका कलिंगडाची परीक्षा चालायची. दुकानदार कपाळाला हात लावायचा, पण दादांनी निवडलेलं कलिंगड कधी फिकं निघालं नाही, हे मी खाऊन सांगते.

तुमच्याही ओळखीत असा एखादा ठोकून बघणारा असेल. पण त्याला त्या ठोकण्याचा पगार मिळत नसेल. आमच्या दादांना मिळायचा.

जर्मनीत मार्क जाऊन युरो येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्याहून पीएचडीला आलेली, दादा पाव शतकापूर्वी भुसावळहून आलेले, नात्याचे नाही, पण आम्ही दोघं उत्तरेकडच्या एकाच संस्थेत होतो. पुन्हा पुन्हा वापरता येईल असं अवकाशयान पुढे बांधायचं, म्हणून तिथे आधी त्याची एक लहान, बिनमाणसाची आवृत्ती केली होती. हेलिकॉप्टरने ती उंच न्यायची आणि सोडून द्यायची. मग तिने आपली आपण तरंगत धावपट्टीवर यायचं. ती उतरली की आमचं काम सुरू. बॅटऱ्या काढायच्या, ब्रेक निवू द्यायचे, चाकं उतरवायची. आणि पोटाखालचे तक्ते दादांनी नाण्याने ठोकून तपासायचे. तक्त्याचे थर आतून सुटले असले तर तिथला आवाज बदलतो.

नाणं जुन्या मार्काचं. युरो त्यांना चालत नसे. "दोन धातू जोडलेत त्यात. स्वतःच फाटका वाजतो, दुसऱ्याचं काय सांगणार?"

हे कसब घरचंच. त्यांचे वडील भुसावळच्या यार्डात गाडीच्या चाकांवर हातोडी मारत, आवाज ऐकत डब्याडब्याने चालत जायचे. "बाप चाकं ठोकायचा, मी यान ठोकतो. आल्झो, म्हणजे धंदा बदलला नाही आम्ही," असं दादा मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

पहिलं उतरणं झकास झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दादांनी नाही. "एकदा काय, दगडपण उतरतो. दुसऱ्यांदा गेलं पाहिजे." निवृत्तीच्या आत यान दुसऱ्यांदा उतरलेलं बघायचं, एवढाच त्यांचा ध्यास होता. वहिनी म्हणायच्या, "पोरीच्या शिक्षणाचं कधी इतकं मनावर घेतलं नाही."

त्याच सुमाराला दादा मला सारखं बोलावू लागले. "ये गं, जरा दिवा धर." मी यानाच्या पोटाखाली दिवा धरून बसायची. ते नाणं वाजवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, गप्पांना सोबत हवी असेल.

एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला होते. वहिनी बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. तिथून त्यांनी विचारलं, "अहो, किती शिट्ट्या झाल्या?"

दादा कुकरच्या शेजारीच बसले होते. "एकही नाही," म्हणाले.

माझ्यासमोर चार झाल्या होत्या. भात खाली लागला, आणि एरवी अशा गोष्टीवर हसणाऱ्या वहिनी हसल्या नाहीत. तेव्हा मला दिव्याचा उलगडा झाला. दादा ठोकत होते आणि आवाज माझ्या चेहऱ्यावर वाचत होते. संस्थेच्या डॉक्टरने कान तपासले असते तर त्यांचं काम त्याच दिवशी संपलं असतं. घरी जाताना ट्राममध्ये मला रडू आलं.

पुढे मी तापाने आठवडाभर पडले. परत आले तर हँगरमध्ये सगळे तोंड पाडून बसलेले. दादा स्वतःच आमच्या विभागप्रमुखाकडे गेले होते. "मला ऐकू येत नाही, मी बरे म्हटलेले सगळे तक्ते मशीनने पुन्हा तपासा," असं सांगून आले होते. त्यामुळे उड्डाण पुढच्या वर्षावर गेलं.

"दादा, मी यायची तरी वाट बघायची."

"तू नव्हतीस, म्हणूनच कळलं. एकट्याने ठोकलं तर सगळे तक्ते सारखेच वाजले. असं कधी असतं का?"

मशीनने तपासलं. दादांनी बरा म्हटलेला एकूण एक तक्ता बरा निघाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही, कारण आता त्याचा काही उपयोग नव्हता. ऑफिसात केक कापला, फुलं दिली, आणि दादा घरी बसले.

नंतर कान झपाट्याने गेले. यंत्र लावून पाहिलं. "यातून तूसुद्धा पत्र्यासारखी वाजतेस," म्हणून ते ड्रॉवरमध्ये गेलं. मुलगी बर्लिनहून यायची. पूर्वी बाप मराठीत बोलायचा आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तेवढा संवादही थांबला. नुसती शेजारी बसून राहायची. भीमजयंतीच्या कार्यक्रमात दादा पहिल्या रांगेत असायचे, पण त्यांच्या टाळ्या सगळ्यांच्या नंतर वाजायच्या.

दुसऱ्या उड्डाणाचं बोलावणं त्यांना आलं होतं. "पाहुण्यांच्या तंबूत बसू? नाइन, जमायचं नाही," म्हणाले आणि आले नाहीत.

यान उतरलं, अगदी धावपट्टीच्या मधोमध. मी तिथूनच त्यांच्या घरी फोन लावला. वहिनींनी घेतला.

"वहिनी, उतरलं. नीट उतरलं. सांगा त्यांना."

"अहो, उतरलं म्हणतेय." मग मोठ्याने, "उतरलं." मग त्याहून मोठ्याने. नंतर मला म्हणाल्या, "थांब, लिहून दाखवते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"वाचलं गं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"डोळे पुसतायत. विचारतायत, चाकं टेकली तेव्हा आवाज कसा आला."

मी सांगायला लागले.

"हळू सांग," वहिनी म्हणाल्या, "मला लिहायचंय."

मग कागदावर वाजेल असा एखादा शब्द मी शोधत राहिले. पलीकडे वहिनी पेन धरून थांबल्या होत्या.