उशाखाली राहिलेला चाकू

मैत्रिणींनो, आपल्या नर्सबायांच्या फिरत्या वहीत आज दुपारचंच लिहिते.

परतूरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामगार गोदाबाईंचा पदर यंत्राच्या पट्ट्यात अडकला. मी दवाखान्यातून पोचले तेव्हा यंत्र थांबलं होतं, पण गळ्याभोवतीचा पीळ सुटत नव्हता. नाळेची कात्री जाड लुगड्यावर चालेना. घडीचा चाकू पिशवीत नव्हता.

तो मी तीन दिवसांपूर्वी एका बाळंतिणीकडे ठेवला होता. तिची सासू म्हणाली होती, "तुमच्यापाशी कात्री हाये की, बाई! लेकराच्या उशाला लोखंड पाहिजे. पाचवीपस्तोर राहू द्या."

कुणी विळा आणेपर्यंत गोदाबाई गेल्या.

चाकू स्वस्तातला घ्या, पण दोन घ्या. एक कुणाच्या तरी उशाखाली राहणारच.

पाचवी उद्या आहे. तोवर मी तो मागायला जाणार नाही. तुम्ही गेल्या असतात का?