हवालदाराच्या गोठ्यातली शाळा

मास्तर लोकांचं एक बरं असतं. इतरांच्या घरी जुनी भांडी साठतात, आमच्याकडे किस्से साठतात! पोरं मोठी होतात, आपल्या बदल्या होतात, पण किस्सा एकदा वर्गात शिरला की तो काही दाखला मागून बाहेर पडत नाही. आम्ही चार जुने मास्तर साताऱ्याला एकत्र बसलो की चहा गार होतो, घरून दोनदा बोलावणं येतं, तरी कुणी उठत नाही. माझी पाळी आली की सगळे आधीच ओरडतात, "हं, गोठा काढ, गोठा!"

तर गोठाच काढतो.

मी सांगलीचा. कृष्णेत डुंबून वाढलेला. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं तेव्हाची गोष्ट. मला माण तालुक्यातल्या एका गावी नवी शाळा सुरू करायला पाठवलं. माण म्हणजे पावसाशी कायमचं भांडण! निघताना डिप्टीसाहेबांनी, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांनी, मला चांगलाच दम भरला. "मास्तर, शाळा वर्षाच्या बोलीवर आहे. तपासणीला आलो आणि वर्ग रिकामा दिसला, तर त्याच दिवशी कुलूप!"

गावात पोचलो तर कुलूप लावायला दारच नव्हतं! शाळा भरणार होती हवालदाराच्या गोठ्यात.

हवालदार म्हणजे पलटणीतून पेन्शनीत आलेला ताठ माणूस. सही करता यायची, त्यापुढं अक्षराशी ओळख नाही. त्याची बायको हौसाक्का. त्यांचा एकुलता एक मुलगाही पलटणीत, लढाईवर. पहिल्याच संध्याकाळी हौसाक्कानं मला भाकरी वाढली आणि समोर बसून म्हणाली, "मास्तर, लेकाची पत्रं येत्यात. दुसऱ्याच्या तोंडानं ऐकावी लागत्यात. मला माज्या डोळ्यांनी वाचायची हायती. तवा ही शाळा टिकली पायजे बगा."

मी मान डोलावली. डिप्टीसाहेबांच्या कुलपाचं काही तिला सांगितलं नाही.

*

बैल बाहेर बांधले, गोठा सारवला आणि आम्ही धडाक्यात सुरुवात केली. पण त्या बैलांत ढवळ्या नावाचा एक म्हातारा बैल होता. दुपारी त्यानं दावं तोडलं, सरळ आत आला आणि आपल्या गव्हाणीपाशी रवंथ करत उभा राहिला. ती जागा नेमकी दुसरीच्या वर्गाची!

मी हाकलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, वेळ तीच. तिसऱ्या दिवशी मी छडी उचलली, तर एक पोरगं कळवळून उठलं.

"मारू नगा गुर्जी! आमच्यापरीस त्यो नेमानं येतूया!"

छडी खाली ठेवली. ढवळ्या वर्षभर दुसरीत बसला, म्हणजे उभा राहिला. पटावर त्याचं नाव घालावं असा मोह मला डिप्टीसाहेबांच्या धाकानं दोन-चार वेळा झाला, हे कबूल करतो.

*

निम्मी पोरं धनगरांची. म्हटलं, यांना यांच्याच जगातलं गणित घालावं. ट्रेनिंग कॉलेजात तसं शिकवलंच होतं! मी फळ्यासमोर उभा राहून झोकात विचारलं, "बिरूआबाकडे तीस मेंढ्या आहेत. त्यांतल्या दहा विकल्या. किती उरल्या?"

बिरूआबा हा गावातला मोठा मेंढपाळ, त्याचा नातू पहिल्या रांगेत. तोच उठला.

"कंच्या धा?"

"कोणत्याही."

"गाभण का भाकड?"

"अरे, कोणत्याही दहा!"

"कोनच्याबी कशा इकंल गुर्जी? आबा काय येडा हाय?"

झालं! सगळा वर्ग भांडायला उठला. काळ्या तोंडाची द्यायची नाही, कान फाटलेलीची पिल्लं लहान आहेत, लंगडीला कोण घेणार! घंटा झाली तरी उत्तर काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बिरूआबा माझ्यापुढं उभा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोळे लाल.

"मास्तर, माज्या धा मेंढ्या इकायला तुमी कोन? सगळ्या गावात बोभाटा झालाय, गिऱ्हाईक दारात यायला लागलंय!"

त्याची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. त्या दिवसापासून माझ्या गणितात बिरूआबाच्या मेंढ्या फक्त वाढायच्या. वजाबाकीसाठी मी सांगलीहून स्वतःचे पेरू आणले!

*

कवायतीचं खातं हवालदाराकडे. काय उत्साह त्या माणसाचा! पंधरा दिवसांत पोरांनी अशी पावलं टाकायला सुरुवात केली की गोठ्याच्या आढ्यावरचा धुरळा खाली यायचा. मग त्याला वाटलं, शाळा आहे, म्हणजे पहारा पाहिजेच! रोज एक पोरगं खांद्यावर काठी घेऊन गोठ्याच्या तोंडाशी उभं. येणाऱ्याला अडवायचं, खडसावायचं, ओळख पटल्याशिवाय आत सोडायचं नाही.

मलासुद्धा एकदा अडवलं होतं. मी मुकाट्यानं नाव, गाव, हुद्दा सांगून आत आलो.

एक दिवस पहाऱ्यावरच्या पोराची आजी भाकरीचं फडकं घेऊन आली. पोरानं काठी आडवी धरली आणि हवालदारानं शिकवलं तसं गरजलं, "थम! कौन आता है?"

म्हातारी जागची हलली नाही.

"तुजी आज्जी येती! हो बाजूला, भाकरी गार हुतीया!"

हवालदार आतूनच ओरडला, "सोड रं! वळख पटली!"

*

पावसाळ्यात वरून हुकूम आला, गावात झाडं लावा. आम्ही वाजतगाजत कडुलिंबाची रोपं लावली. हलगी लागली, पोरं नाचली, हौसाक्कानं रोपांना ओवाळलं! चार दिवसांत निम्मी रोपं शेळ्यांनी फस्त केली.

पोरांनी माझ्या नकळत तोड काढली. उरलेल्या प्रत्येक रोपाशी एक गोल धोंडा मांडला आणि वर भंडारा उधळला. बघता बघता गाव तिथं हात जोडायला लागलं. जाणारी-येणारी माणसं वहाणा काढून पुढं जात, बायका तांब्याभर पाणी घालत. माणमध्ये तांब्याभर पाणी म्हणजे काय चैन! रोपं तरारून वर आली. मी तर खूश!

शेळ्यांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी चावडीपुढचं सगळ्यात जोमदार रोप एका शेळीनं बुडख्यापर्यंत खाल्लं. मी डोक्याला हात लावून बसलो. पाणी घालायला आलेली एक बाई मात्र हरखून गेली होती.

"आवं मास्तर, रडताय कशापायी? देवानं निवद घेतला की!"

*

दुपारचा बायकांचा वर्ग हा हौसाक्काचा हट्ट. धान्य निवडत, पोरं मांडीवर थोपटत बायका शिकायच्या. सगळ्यांना पुरतील इतक्या पाट्या नव्हत्या. मी सहज बोलून गेलो, "घरी रांगोळीनं गिरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर उंबऱ्यापुढं अ, आ, इ, ई! कुठं ठिपक्यांचा क, कुठं वेलबुट्टीतला ग. मी गल्लीबोळांतून नुसता नाचत फिरलो. असं दृश्य मी सांगलीतसुद्धा पाहिलं नव्हतं!

पण एका घरातून हाका ऐकू आल्या. बघतो तर एक सासरेबुवा उंबऱ्याच्या आत अडकलेले. अंगणात सुनेनं अख्खी बाराखडी काढली होती आणि स्वतः ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. अक्षर म्हणजे सरस्वती, त्यावर पाय कसा द्यायचा? म्हातारा उजाडल्यापासून खोळंबलेला, हातात टमरेल!

"मास्तर," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "बायकास्नी ल्ह्यायला शिकवलंसा, लय चांगलं केलंसा. पर आता पुसायलाबी शिकवा!"

*

आणि मग आली तपासणी.

दिवाळी सरली की माणचे धनगर मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाकडे, पार आष्ट्यापर्यंत उतरतात. बरोबर बायका-पोरं. मी बिरूआबाच्या विनवण्या केल्या, तपासणीपर्यंत थांबा. तो थांबला. पण डिप्टीसाहेबांची तारीख सारखी पुढं जायला लागली आणि माळावरचं गवत संपलं.

"मास्तर, सायेब कवा यील ठावं न्हाई," बिरूआबा म्हणाला, "मेंढरास्नी रोज खायाला लागतंया."

सकाळी ते सगळे निघाले. निम्मी शाळा रिकामी झाली. आणि संध्याकाळी दहिवडीहून आलेल्या माणसानं निरोप दिला, साहेब उद्या येताहेत!

मी हवालदाराकडे धावलो. हवालदारानं पटका बांधला, काठी उचलली. "पोरं घिऊनच येतो," एवढंच बोलून तो पहाटे मेंढरांच्या वाटेला लागला. हौसाक्कानं पदर खोचला. ती घरोघर जाऊन आली.

साहेब घोड्यावरून उतरून आत आले तेव्हा पुढं उरलेली पोरं आणि मागं गोठा भरून बायका! सगळ्या नेसत्या लुगड्याचा पदर नीट करून, पोरांच्या पाट्या मांडीवर घेऊन बसलेल्या.

"मास्तर, ही शाळा आहे की हळदीकुंकू?"

"साहेब, पोरं मेंढरांमागं गेलीत, येतीलच. हा दुपारचा वर्ग. सगळ्यांना लिहिता-वाचता येतं."

"येतं?" साहेबांनी नेमकं हौसाक्काकडे बोट केलं. "बाई, तुमचं पूर्ण नाव लिहा बघू."

हौसाक्कानं पाटी पुढं ओढली. शांतपणे, वळणदार लिहिलं: हौसाबाई धोंडिबा माने. माझी छाती फुगली!

"छान. आता वाचा."

"हौसाबाई..." आणि ती थांबली. पदर तोंडाशी गेला.

नवऱ्याचं नाव! ते तोंडानं कसं घ्यायचं? सगळं गाव त्याला हवालदार म्हणायचं, त्याला नाव आहे हेच मी विसरलो होतो. साहेब शेजारणीकडे वळले. तिनं लिहिलं, वाचलं, "साळूबाई..." आणि खाली मान. तिसरीचंही तेच.

"अडचण कळते मला," साहेब म्हणाले. "पण वाचन म्हणजे मोठ्यानं वाचन. मी शेरा काय लिहू? बायका निम्मं वाचतात?" त्यांनी खिशातून पेन काढलं.

वर्षभराची शाळा त्या पेनाच्या टोकाशी येऊन उभी होती. हौसाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं, चीड होती ती! तिनं एकदम साळूबाईच्या मांडीवरची पाटी ओढली आणि स्वतःची तिच्या हातात कोंबली.

"साळूबाई मारुती जगदाळे!" हौसाक्का खणखणीत आवाजात वाचून मोकळी झाली. "आता तू माजी वाच गं!"

"हौसाबाई धोंडिबा माने!"

मग काय विचारता! रांगेत फटाफट पाट्या फिरल्या. प्रत्येक बाई दुसरीच्या नवऱ्याचं नाव कंठ फोडून वाचायला लागली. मारुती, पांडू, ज्ञानू, कोंडिबा! कुणी पलटणीत, कुणी मुंबईला, कुणी शेतात, सगळे नवरे एका दमात गोठ्यात हजर झाले. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. साहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले.

"मास्तर, ही शाळा बंद केली तर मला माझ्या घरी जेवायला मिळायचं नाही! चालू ठेवा. आत्ताच लिहून देतो."

मी साहेबांच्या देखत उडी मारली!

इतक्यात समोरच्या माळावर धुरळा दिसला. हवालदार येत होता. बरोबर सगळी पोरं, आणि पोरांमागं बिरूआबाची झाडून सगळी मेंढरं! पण हवालदाराची मान खाली. उशीर झाला, शाळा गेली, असंच त्याच्या चालीवरून दिसत होतं.

हौसाक्का पाटीसकट बाहेर धावली. "आवंऽ!"

मेंढरांच्या गलक्यात त्याला काही ऐकू जाईना.

"आवं, ऐकलं काऽऽ!"

मान वर होईना. तेव्हा ती बैलांच्या दगडी डोणीवर चढली, पाटी काखेत मारली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"धोंडिबाऽऽऽ! आपली शाळा टिकलीऽऽऽ!"

मागच्या बायकांनी तोंडावर हात घेतले.

माळावर हवालदार जागच्या जागी थांबला. त्यानं टाचा जुळवल्या, छाती काढली आणि तिथूनच जिवाच्या आकांतानं ओरडला,

"जीऽऽऽ!"