विहारातले तास

चूक माझी होती. आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे सारवासारव करायचा मोह होणार नाही.

शनिवारची परेड संपली होती. तुकडी रांगेत उभी होती आणि मी टेबलावर एकेक लॉगबुक तपासत होतो. प्रज्ञाच्या लॉगबुकात सेवेच्या पानावर मी लाल पेनाने आडवी रेघ मारली.

मी निलंग्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि कॅडेट तुकडी सांभाळतो. कॅडेटसाठी एक पुरस्कार असतो. त्याचे तीन भाग. सेवा, म्हणजे ठरलेले तास भरेपर्यंत कुणासाठी तरी विनामोबदला काम. कौशल्य, म्हणजे एखादी नवी गोष्ट शिकणं. आणि मोहीम, म्हणजे पाठीवर सामान घेऊन दोन दिवस पायी. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. आपले तास पूर्ण करायचे आणि जिथं काम केलं तिथल्या जबाबदार माणसाची सही आणायची. सेवा अपुरी असेल, तर मोहीम नाही. एक अट मात्र कडक: घरचं काम सेवेत धरायचं नाही.

नववीतली प्रज्ञा संध्याकाळी विहारात लहान मुलांना पाढे आणि वाचन शिकवायची. सही विहाराचं काम बघणाऱ्या तिच्या चुलत्याची होती.

"हे चालणार नाही," मी म्हणालो. "चुलत्याची सही, तुमच्याच समाजाची जागा. हे घरचंच काम झालं."

"सर, मुलं घरची न्हाईत."

"नियम आहे."

तिने रांगेतल्या ओंकारकडे बघितलं. "मग ओंकारचं कसं चाललं? त्यानं मंदिराच्या सप्ताहात पंगती वाढल्या."

मागून कुणीतरी हसलं. "ते गावाचं काम आहे," मी म्हणालो. "जा रांगेत."

ती गेली. सॅल्यूट करून गेली.

डिसेंबरात नऊ जणांना घेऊन मी इस्लापूरला गेलो. आमच्या मोहिमेत शिक्षक मुलांसोबत चालत नाही. ठरलेल्या ठिकाणी आधी जाऊन वाट बघत बसतो. नकाशा, स्वयंपाक, चुका, सगळं मुलांचं. शेवटचा टप्पा सहस्रकुंडाचा धबधबा. पाण्याच्या आवाजात पोरं ओरडून बोलत होती. ओंकार म्हणाला, "सर, प्रज्ञा असती तर आम्ही दोनदा वाट चुकलो नसतो. नकाशा तिलाच कळतोय." मी ऐकलं आणि हजेरी घेतली.

फेब्रुवारीत नांदेडहून तपासणीसाठी मॅडम आल्या. लॉगबुकं बघून मोहोर उठवणं हे त्यांचं काम. त्यांनी ओंकारचं आणि प्रज्ञाचं लॉगबुक शेजारी शेजारी ठेवलं.

"सर, ही सही कुणाची?"

"मंदिर समितीचे अध्यक्ष आहेत."

"आडनाव तर पोराचंच हाय की."

"चुलते आहेत त्याचे."

"अन् ही?"

"तिचे चुलते."

मॅडमनी दोन्ही लॉगबुकं माझ्याकडे सरकवली. पेनाचं टोपण लावून पाणी प्यायल्या. मीच बघत बसलो. काम सारखं, सही सारखी. एका पानावर माझी सही, दुसऱ्यावर माझी रेघ. सप्ताहात मी स्वतः लहानपणापासून पंगती वाढत आलोय. म्हणून ते मला गावाचं काम वाटलं. विहारात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. म्हणून ते 'त्यांचं' वाटलं. नियमात यातलं काहीच लिहिलेलं नाही.

त्याच संध्याकाळी विहारात गेलो. वर्ग चालू होता. सतरंजीवर दहा-बारा मुलं आणि प्रज्ञा फळ्याजवळ. तास मोजणारं कुणी उरलं नव्हतं, तरी वर्ग बंद पडला नव्हता. दोन मुलं तर आमच्या गल्लीतली, मला ओळखून लाजली.

तिचे चुलते एसटीत कंडक्टर. ते बाहेर आले. "या गुरुजी. चहा घ्या."

"माझ्याकडून चूक झाली. माफी मागायला आलोय."

त्यांनी कप हातात दिला. "मला कशाला मागताव? रेघ माझ्यावर मारली का? जिच्यावर मारली तिला म्हणा. अन् जिथं मारली तिथं म्हणा. हितं कोपऱ्यात नगं."

चहा चांगला होता. तो संपवून मी निघालो.

तिचे तास मी पुन्हा मंजूर केले. ते सोपं होतं. अवघड पुढे होतं, कारण मोहीम एकट्याची निघत नाही; किमान चार जण लागतात. नऊ जणांची तर होऊन गेली होती.

शनिवारी परेड संपल्यावर तुकडीला थांबवलं. प्रज्ञाला पुढे बोलावलं.

"सेवेचे तिचे तास मी इथंच, तुमच्यासमोर खोडले होते. ते खरे होते. ओंकारचे धरले, तिचे धरले नाहीत. दोन्ही कामं एकच होती. चूक नियमाची नव्हती, माझी होती. प्रज्ञा, मला माफ कर."

कुणी हसलं नाही. ओंकारने हात वर केला. "सर, मी परत चालतो." आणखी तीन हात वर आले.

प्रज्ञा सावधानमध्येच उभी होती. "सर, एक विचारू?"

"विचार."

"सहस्रकुंडाला आता पाणी असंल का?"

मी भूगोल शिकवतो. मोहीम निघेपर्यंत मार्च येणार, आणि मार्चात तिथं नुसता काळा खडक असतो.

"नसेल," मी म्हणालो. "त्याचीही माफी."