उडवीआडचं आकाश

आमच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही. फोन करायचा तर वरच्या टेपावर, म्हणजे टेकडावर, जायचं, एका ठरलेल्या दगडावर उभं राहायचं आणि तोंड मोखाड्याकडे करायचं. मी जव्हारला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा सूचनाफलकावर एका संस्थेचा कागद दिसला. टॉवर नसलेल्या पाड्यांना उपग्रहावरून इंटरनेट मिळेल, पाड्याच्या वतीने कुणीतरी अर्ज करावा, असं त्यात होतं. मी अर्ज लिहिला. दोन वेळा फाडला, तिसरा बरा वाटला. तो घेऊन घरोघर गेले. सह्या थोड्या झाल्या, अंगठे जास्त. माझ्या बानेही अंगठाच दिला, आणि मग शाई लागलेलं बोट धोतराला न पुसता बराच वेळ तसंच धरून बसला.

भाद्रपदात संस्थेचे सर जीपमधून सामान घेऊन आले. आमचं घर पाड्यात सगळ्यात उंचावर, म्हणून यंत्र आमच्याच अंगणात बसवायचं ठरलं. त्यांनी जागा मला विचारली. "उत्तरेचं आकाश मोकळं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या फोनमधलं ॲप घेऊन अंगणभर फिरले. एका बाजूला मोहाचं झाड, दुसऱ्या बाजूला घराचं छप्पर. मधला कोपरा रिकामा होता. मी बोट दाखवलं आणि म्हणाले, "इथे."

खांबावर छातीच्या उंचीवर एक पांढरं चौकोनी पान बसलं. टीव्हीच्या छत्रीसारखं ते गोल नव्हतं. माझा चुलता शेजारच्याच घरात राहतो. तो त्याला पहिल्याच दिवशी पाट म्हणाला, आणि पाड्यावर तेच नाव पडलं.

महिनाभर सगळं चांगलं चाललं. अंगणवाडीच्या ताई आमच्या ओट्यावर बसून मुलांच्या वजनाची माहिती भरायच्या. ठाण्याकडे कामाला गेलेल्यांच्या बायका त्यांच्याशी तोंड बघून बोलायच्या. मी शनिवारी हॉस्टेलवरून येऊन ते बघायचे. कुणी मला काही म्हणत नसे, पण मला चहा आधी मिळायला लागला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आले आणि जीपमधून उतरल्या उतरल्याच चुलत्याने गाठलं.

"काय गं बाय, तुझा पाट मांडलाय, पण पाहुणा काय जेवायला बसत नाय!"

"म्हणजे काय झालं, काका?"

"येतो नि जातो. माझ्या ठाण्याच्या पोरग्याचा फोन लागला की तोंड उघडं ठेवून तसाच थांबतो. मी इकडून ओरडतो, तो तिकडून ओरडतो. मग टेपावरचा दगड काय वाईट होता?"

ताईंनीही सांगितलं, की फोटो अर्धा चढतो आणि गोल गोल फिरत राहतो. मी टेपावर जाऊन सरांना फोन लावला. ते चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांच्याही वर कुणी आहे. ते म्हणाले, "तुमच्या पाड्याचा रिपोर्ट खराब येतोय. डोंगराचा अडथळा असणार. मी येत्या शनिवारी येतो. दुपारभर नेट सलग चाललं तर ठीक, नाहीतर तो सेट दुसऱ्या पाड्याला द्यावा लागेल. यादी मोठी आहे."

दिवस होता सोमवार. खाली उतरताना मला ते सगळे अंगठे आठवत होते. यंत्र गेलं असतं तर कुणी मला बोललं नसतं. पण पुढे कधी कुठला अर्ज घेऊन मी दारात गेले असते, तर लोकांनी अंगठा देताना विचार केला असता.

मी पहिल्यांदा घरातल्या डब्याकडे वळले, जिथून वायफाय पसरतं तो. आईने तो माळ्यावर नेऊन ठेवला होता, भाताची कणगी आणि पत्र्याची पेटी यांच्या मधोमध.

"आई, हा इथे कुणी ठेवला?"

"मीच. खाली कोंबड्या बसतात त्याच्यावर. ऊब लागते ना त्यांना."

एका बाजूला लोखंडी पेटी, दुसऱ्या बाजूला गच्च भरलेलं धान्य. त्यातून लहर बाहेर तरी कशी येणार? मी डबा खाली आणला आणि ओट्याकडच्या कुडाला शिंक्यासारखा टांगला. कुडाच्या भिंती कारवीच्या, वर शेणमातीचा हात; त्यातून वायफाय आरामात जातं. ओट्यावर फोनमध्ये सगळ्या रेघा भरल्या. मला वाटलं, झालं. चुलत्याने पोराला फोन लावला. चार वाक्यं झाली आणि पोरगा परत तोंड उघडं ठेवून थांबला.

"अजून कोंबडी बसलीय वाटतं," चुलता म्हणाला.

मग मात्र मी कॉलेजात प्रयोगशाळेत करतो तसं एकेक करून बघायचं ठरवलं. आईचा, बाचा, शेजारचा, सगळे फोन बंद करवले. एकच फोन चालू ठेवून डब्याच्या अगदी जवळ बसले. तरीही तुटायचं. म्हणजे दोष वायफायचा नव्हता आणि गर्दीचाही नव्हता. केबल हाताने चाचपत घरापासून खांबापर्यंत गेले. उंदराने कुठे कुरतडली नव्हती, दोन्ही टोकं घट्ट होती. वहीत वेळ लिहीत बसले. दर थोड्या मिनिटांनी काही सेकंद तुटतं आणि आपोआप जोडलं जातं. बिघडलेलं यंत्र असं नेमाने वागत नाही. वर आकाशात उपग्रह एकामागून एक सरकत असतात, हे मला माहीत होतं. त्यांच्यातला एखादा कशाच्या तरी आड जात असणार.

बुधवारी मी सरांनी सांगून ठेवलेलं ॲप उघडलं. पाटाशेजारी उभं राहून फोन आकाशाकडे फिरवला की कुठे अडतं ते त्यात चित्रात दिसतं. निळ्या आकाशात उत्तरेला मोठा लाल डाग आला. मला मोहाच्या झाडाचाच संशय होता. मी बाला बोलावलं आणि भीत भीत म्हणाले, "बा, मोहाची एक फांदी तोडावी लागेल."

मोहाला आमच्याकडे असं कुणी सहज हात लावत नाही. बाने फोन हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. तो दुसरीच्या पुढे शाळेत गेलेला नाही. चित्राकडे बघून तो म्हणाला, "हे झाड नाय."

"लाल दिसतंय ना तिथे?"

"झाडाची कड अशी गुळगुळीत नसते. वर निमुळतं, मध्ये पोटाळं, नि डाव्या अंगाला जरासं कललेलं. ही आपली उडवी हाय. कललेली बाजू माझी, तिथं मी रचत होतो."

मी मान वर करून बघितलं. दहा हातांवर पेंढ्याची उडवी उभी होती. हळवं, लवकर पिकणारं भात झोडून झालं की त्याचा पेंढा गुरांसाठी तिथेच रचून ठेवतात, दर वर्षी, माझ्या जन्माच्या आधीपासून. भाद्रपदात ती जागा रिकामी होती, कारण मागच्या वर्षीचा पेंढा गुरांनी संपवला होता. दोन वर्षं हॉस्टेलवर राहून मी उत्तर दिशा शिकले होते, अंश शिकले होते, आणि माझ्याच अंगणात दिवाळीला काय उभं राहतं ते विसरले होते. सरांना हे कळणं शक्य नव्हतं. मला कळायला हवं होतं.

खांब हलवता येत नव्हता. केबल तेवढीच होती, आणि घराच्या वाशांवर त्याचं वजन टाकायला बा तयार नव्हता. राहिली उडवी. पण उडवी म्हणजे नुसता ढीग नसतो. ती चुलत्याने रचलेली होती, बा फक्त हाताखाली होता. पाऊस अवकाळी आला तरी आत थेंब जाणार नाही अशी उडवी रचणारा माणूस म्हणून त्याला खालच्या पाड्यांवरूनही बोलावणं येतं. शेवटी वर पेंढ्याचीच शेंडी बांधतात. एकदा ती बांधली की वर्षभर पेंढा खालून, बाजूने ओढून काढायचा, वर हात लावायचा नाही. आणि लावायचाच झाला तर ज्याने शेंडी बांधली त्यानेच. बा त्याचा मोठा भाऊ, तरी तोही म्हणाला, "तूच जाऊन विचार. जागा तू दाखवलीस."

गुरुवारचा पूर्ण दिवस मी विचारलंच नाही. नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं खुडायला शेतावर गेले, चुलता शेजारच्याच ओळीत होता, आणि तरी शब्द निघाला नाही. त्याऐवजी संध्याकाळी मी वही उघडली. पाटाची उंची, उडवीची उंची, तिचं अंतर आणि ॲपने मागितलेला मोकळा कोन माझ्याकडे होता. अकरावीत त्रिकोणमिती मी पाठ करून पास झाले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला कशासाठी तरी लागली. उत्तर आलं, सगळी उडवी हलवायची गरज नाही, वरचे तीन हात उतरवले की पुरे. मी ते गणित तीनदा केलं. मग आणखी एकदा.

शुक्रवारी सकाळी चुलता दात घासत होता, तिथे जाऊन उभी राहिले.

"काका, नेट उडवीमुळे अडतंय."

तो थुंकला. "आभाळातलं यंत्र माझ्या पेंढ्याला घाबरलं?"

"चूक माझी आहे. जागा मी दाखवली. उडवी तिथे येते हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्याने चूळ भरली. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलेल. तो म्हणाला, "शिकलेलं माणूस आपली चूक झाली म्हणतं, हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय. तलाठ्याने नाय म्हटलं कधी, मुकादमाने तर नायच नाय." मग उडवीकडे बघून, "सगळी पाडायची?"

"नाही. वरून तीन हात."

"तीनच कशावरून?"

मी वही दाखवली. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याने सगळं पान वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं. तीन म्हणालीस. तीनच्या वर एक काडी काढणार नाय."

त्याने अंगणात चपला काढल्या, शिडी लावली आणि वर चढून शेंडी सोडली. शेजारचे चार-पाच जण हाक न मारताच आले. वरून पेंढ्या खाली, खालून हातोहात मोहाच्या पलीकडे. तिथे बा दुसरी लहान उडवी रचायला लागला. मी पाटाशेजारी फोन धरून उभी. चुलत्याने ठाण्याला बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे उंचावर चढला की त्याला हिंदी येतं.

"बोलो मॅडम! रास्ता क्लियर?"

"अजून नाही, काका."

"अभी?"

"अजून थोडं!"

"ए, हिचे तीन हात कुणाचे, माझे की हत्तीचे?" खाली सगळे हसले.  गणित चुकलं असलं तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? पण त्याने आणखी एक थर उतरवला, खिशातून सुतळी काढून माप घेतलं, म्हणाला, "आता झाले बघ तीन," आणि मी फोन फिरवला. लाल काही उरलं नव्हतं. पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. मी फोन आईकडे दिला आणि तिला फिरवायला सांगितला.

"निळंच हाय," आई म्हणाली. "आता कुणी रडू नका म्हंजे झालं." ते तिने मला उद्देशून म्हटलं होतं.

चुलत्याने कापलेल्या माथ्यावर नवी शेंडी बांधली, पहिलीपेक्षा घट्ट. उडवी जरा बुटकी दिसत होती. त्याने लांब जाऊन बघितली आणि म्हणाला, "चालेल."

शनिवारी सर आले. ओट्यावर बसून त्यांनी दुपारभर तपासणी लावली. ताईंनी सगळे फोटो एका दमात चढवले. चुलता पोराशी एवढं बोलला की शेवटी बोलायला काही उरेना आणि दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसले. ऊन उतरल्यावर सरांनी लॅपटॉप मिटला.

"डोंगराचा अडथळा नव्हता तर. कोणी शोधलं?"

मी म्हणाले, "बाने ओळखलं, काकांनी उतरवलं." हे खरंच होतं, मी विनयाने बोलत नव्हते.

"नि तीन हात कुणी मोजले?" चुलता मध्येच म्हणाला. "त्या वहीतलं पान दाखव की सरांना!"

 बा आत गेला, माझी वही घेऊन आला आणि ते पान काढून सरांच्या पुढ्यात धरलं. त्याला वाचता येत नाही, पण पान बरोबर काढलं होतं आणि सुलटं धरलं होतं. सर वाचत होते तेवढा वेळ त्याने वही स्वतःच्याच हातात ठेवली.

"सेट इथेच राहील," सर म्हणाले. मग लॅपटॉप पिशवीत घालत, "खोडाळ्याकडे आपले दोन पाडे आहेत. तिथेही दिवाळीपासूनच तुटायला लागलंय. त्यांच्याही कागदावर मी डोंगराचा अडथळा असंच लिहून ठेवलंय. उद्या येशील माझ्याबरोबर?"

 मी बाकडे बघितलं, तो दुसरीकडे बघत होता. मी म्हणाले, "येते." आणि मग, बऱ्याच मोठ्या आवाजात, "पण सर, त्यांचे सेट तोवर दुसऱ्या कुणाला देऊ नका."