उघडं बोट

तिला सगळे मोजेबाई म्हणत, आणि उगाच नाही. प्रयोगशाळेत कुणी हातमोज्याशिवाय नळीला हात लावला की ती त्याची बिनपाण्यानं हजामत करायची. कामच तसं, आरएनएचं. त्यातही असा आरएनए, जो प्रथिनं बनवत नाही, नुसते हुकूम सोडतो: पक्षाघाताचा झटका आला की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांनी किती तग धरायचा, किती झिरपायचं. हुकूम मोठा, जीव एवढासा. उघड्या बोटाचा घाम लागला तरी त्याचे तुकडे पडतात.

मॅडम तिच्या वरिष्ठ. काम चालू असताना सगळ्यांचे फोन मॅडमच्या खणात, हा त्यांचा नियम. एका सकाळी तिचा फोन खणात वाजत राहिला. मॅडमनी आईचं नाव वाचलं आणि काम अडायला नको म्हणून खण लावून टाकला. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा बाबांची वाचा गेली होती, आई एकटी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. झटक्यानंतर काही तासांतच द्यावं लागणाऱ्या औषधाची वेळ केव्हाच टळली होती. आठवड्याच्या आत बाबा गेले.

मॅडम लगोलग दवाखान्यात भेटायला आल्या. फोन वाजला होता खरा, पण काम ऐन मोक्यावर होतं, असं म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. वर संशोधनासाठी बाबांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्याही मागून घेतल्या! तिनं संमतीपत्रावर सही केली. तिच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिजायला लागलं होतं.

झटक्यानं गेलेल्या माणसांचे नमुने वर्षभर जमत गेले. शेवटी सगळ्या नळ्या तिच्याच हाती आल्या; त्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक, पण बाबांचा तिला पाठ होता. आसपास कुणी नसताना तिनं उजव्या हाताचा मोजा काढला. एकेक झाकण उघडायचं, आत बोट फिरवायचं, झाकण लावायचं. लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं. बाबांची नळी आली तेव्हा मात्र तिनं नवा मोजा चढवला.

बैठकीत मॅडमचा चेहरा पांढराफटक. पडद्यावरच्या आलेखात एकच ठिपका. वर्षाची मेहनत मातीत गेली, त्या म्हणाल्या. वाचला तो एवढाच नमुना, आणि त्यात आरएनए बेसुमार वाढलेला. म्हणजे उपचाराला फार उशीर झालेला दिसतो. कोण होता हा माणूस?

"माझे बाबा," मोजेबाई म्हणाली. "उशीर का झाला, ते तुमच्या खणाला विचारा."

मग तिनं उजवा हात टेबलावर ठेवला, उघडा. मॅडम त्या बोटाकडे बघतच राहिल्या.