चिठ्ठ्या बदललेल्या नव्हत्या

आमच्या प्रयोगशाळेत मेंदू वाटायचं काम बावीस वर्षं एकाच बाईंकडे होतं. वाटायचं म्हणजे पाट्यावर वाटतात तसं. लोकांना वाटायचे असते तर दाराबाहेर रांग लागली असती. उंदरांचे मेंदू बर्फात ठेवलेल्या काचेच्या नळीत घोटून त्यांचा एकजीव लगदा करायचा, हे त्यांचं काम. दिसेल त्या वस्तूवर त्या नावाची चिठ्ठी डकवत, म्हणून सगळे त्यांना चिठ्ठीकाकू म्हणत.

पन्नाशी आली आणि काकूंना बसल्या जागी घाम फुटू लागला. मग पेटीतला बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून त्या मानेवर धरत. ज्या इस्ट्रोजेन हार्मोननं त्यांच्या अंगातून काढता पाय घेतला होता, त्याच्याच मागावर त्या दिवसभर असत. लगद्यात ते मोजून घालायचं, नळ्या कोमट पाण्यात ठेवायच्या आणि मेंदूतल्या एन्झाइमांनी त्याचं रूप किती पालटलं ते तपासायचं.

त्या वर्षी नव्या मॅडम आल्या. माद्यांच्या मेंदूत इस्ट्रोजेन बरंच जास्त मोडेल, असा अंदाज त्यांनी आधीच वहीत लिहून ठेवला होता. आकडे आले ते मात्र नरांचे नि माद्यांचे जवळजवळ सारखे. मॅडमनी काकूंना जरा चाचरतच विचारलं, "चिठ्ठ्यांची सरमिसळ तर झाली नसेल ना?"

आळशी म्हटलं असतं तर काकूंनी हसून सोडून दिलं असतं. पण चिठ्ठ्यांवर बोट! दोन दिवस अबोला. मॅडमच्या टेबलावर फक्त कागद येत: 'रसायन संपत आलं.' 'जेवायला गेले आहे.'

तिसऱ्या दिवशी काकूच पुढे झाल्या. नळ्यांवर मॅडमनी स्वतः नुसते आकडे घालावेत, नर कुठला, मादी कुठली ते कुणाला सांगू नये, आपण डोळे झाकून वाटू, असं त्यांनी सुचवलं. मॅडमनी यादी कपाटात कुलूपबंद केली. दोन आठवड्यांनी यादी निघाली, आकडे जुळवले. पुन्हा तेच.

मॅडम सगळ्यांसमोर काकूंच्या टेबलाशी आल्या. "माझं चुकलं, काकू."

"तुमचं नाही, अंदाजाचं चुकलं," काकू म्हणाल्या. "तेवढा खोडा."

घरी त्यांनी ही हकिगत नवऱ्याला सांगितली. घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी बायकोच्या कामाची चौकशी आजवर कधी केली नव्हती, बायकांच्या हार्मोनचा विषय म्हणून. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्याही डोक्यात हे असतं?"

"असतं की. तुमच्याच पुरुषी हार्मोनपासून डोक्यातच तयार होतं आणि तिथंच मोडतं."

ते उठले आणि कुणी न सांगता, काकूंच्या बाजूची खिडकी उघडून आले.